हात खाली

२ जानेवारी

आज वकिलाला गटातून हाकललं. कारण लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मन पाघळलं तर वाचता येईल. सकाळच्या व्हिडिओखाली त्यानं लिहिलं, 'सर, हळूहळू हात फिरवणं ठीक आहे, पण उद्या कुणी खरंच कानाखाली दिली तर काय करायचं?' मी सभ्यपणे उत्तर दिलं की ताई ची ही संथ हालचालींची चिनी विद्या, मारामारी नव्हे. समोरच्याच्या जोराला वाट करून द्यायची, आपण अडून बसायचं नाही, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. त्यावर त्यानं हसण्याचं चित्र टाकलं आणि चौघांनी त्या चित्राला अंगठे दिले.

माझं पित्त खवळलं. हातातली इस्त्री टेबलावर अशी आदळली की तिची मूठ तडकली आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर पिवळा डाग उठला. काउंटरवरून अक्का म्हणाली, "झाला का शांतीचा पाठ?" अक्का माझी मोठी बहीण. ती लाँड्रीचा काउंटर सांभाळते, मी कपडे सांभाळतो आणि वरच्या माळ्यावर, जिथं पूर्वी चादरी वाळत घालायचो, तिथून 'मऊ हात' हा मोबाइलवरचा गट चालवतो. ती त्याला 'ताईची काय नि आत्याची काय' म्हणते. तिच्या नादी लागत नाही.

वकील गेला. गटात एकदम छान वाटतंय.

११ जानेवारी

गेले काही दिवस एकच गोष्ट डोक्यात होती. ताई चीमध्ये जोडीनं करायचा एक सराव आहे. एकानं तळहातानं ढकलायचं आणि दुसऱ्यानं तो जोर अंगावर न घेता वळवून सोडून द्यायचा. हे शिकल्याशिवाय बाकी सगळा नुसता नाच. पण मोबाइलच्या पडद्यातून कुणाला ढकलता येत नाही. तेव्हा आज नियम काढला: प्रत्येकानं घरातला एक माणूस ढकलणारा म्हणून धरायचा आणि दर रविवारी व्हिडिओ टाकायचा.

पहिल्याच दिवशी धमाल. गटात शिरताना प्रत्येकानं एक टोपणनाव घ्यायचं असा आमचा रिवाज आहे. बगळा म्हणजे बसचा कंडक्टर, त्याला त्याच्या बायकोनं सोफ्यावर उलथवलं. डोंगर म्हणजे गणिताच्या बाई, त्यांना सासूबाईंनी इतक्या हौसेनं ढकललं की वर्षानुवर्षं वाट पाहत असाव्यात.

आणि पीस. ही मुलगी तीन महिन्यांपूर्वी आली, कधी काही बोलत नाही, शिवणकाम करते एवढंच माहीत. तिच्या व्हिडिओत स्वयंपाकघर होतं, मागे भांड्यांची मांडणी. नवरा चांगला आडवातिडवा, गंजीवर. त्यानं ढकललं आणि त्याचा हात पोचायच्या आत ही तिथं नव्हतीच! पाय जागेवर, कंबर वळली, खांदा विरघळला, हात हवेतून गेला. मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. ती त्याच्या हाताकडे बघतच नाही, खांद्याकडे बघते. हे मला कळायला माझ्या गुरूंच्या हाताखाली दहा वर्षं गेली होती. तिला विचारलं, 'हे कुठे शिकलीस?'

तिनं लिहिलं, 'घरीच.'

अशी शिष्या मिळाली की गटाचे सगळे कष्ट वसूल होतात.

२० जानेवारी

पीसचा नवराही गटात आलाय आणि सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलंय. बायका त्याला भावोजी म्हणून चिडवतात. 'आमच्या ह्यांना उठवून उभं करायलाच अर्धा तास जातो, तुम्ही भाग्यवान गं,' असं डोंगरबाईंनी लिहिलं. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, 'भावोजी, हातचं राखू नका. तुम्ही जितका जोर लावाल तितकी ती तयार होईल.' तो म्हणाला, 'तुमचा हुकूम, सर.'

आजच्या व्हिडिओत खरोखर हातचं राखलं नव्हतं. मांडणीवरची दोन पातेली खाली आली, पण पीस हलली नाही. म्हणजे हलली, पडली नाही. जमीन मजबूत, वरचं अंग वारा.

माणूस उत्साही आहे, रोज वेळ देतो. त्याला आजपासून गटाचा दुसरा ॲडमिन केलं. मला कपड्यांतून सवड कुठे मिळते.

२९ जानेवारी

पीस आता मला वेगळे निरोप पाठवते. प्रश्न असे नेमके की इतरांनी धडा घ्यावा. मागे भिंत असेल तर जोर कुठे सोडायचा? आपण खाली बसलेलो असू आणि समोरचा उभा असेल तर? जिन्यात? पडायचंच झालं तर डोकं कसं वाचवायचं?

एक प्रश्न जरा विचित्र होता, 'मागून केस धरले तर?' मी लिहिलं, आपल्या सरावात केस धरणं बसत नाही, पण तत्त्व तेच. ओढणाऱ्याशी झटापट करू नकोस, ओढ जिकडे तिकडे जा. तिनं लिहिलं, 'तेच करते, सर.'

बाकीचे विचारतात की पोट कमी होईल का. हिला मुळापर्यंत जायचंय. पडण्याच्या प्रश्नावर मी खास एक व्हिडिओ केला, माळ्यावर गाद्या टाकून स्वतः पडून दाखवलं. कमरेत उसण भरली. त्या व्हिडिओला सगळ्यांत आधी तिचा अंगठा आला.

६ फेब्रुवारी

अक्काशी कडाक्याचं भांडण. मी गिऱ्हाइकं नसताना मोठ्या पडद्यावर पीसचा व्हिडिओ लावला होता, कोपरात काय चुकतं ते बघायला. अक्का पावत्या लावता लावता थांबली. थोडा वेळ बघून म्हणाली, "ही मार खाते."

"काय?"

"मार खाते ही बाई. नवऱ्याचा."

मी म्हटलं, "अक्का, याला सराव म्हणतात."

"सराव तर आहेच," ती म्हणाली. "बघ ना किती झालाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. उभी हयात जिनं एक हात वर करून व्यायाम केला नाही, तिनं मला शिकवायचं? मी म्हटलं, "तुला सगळीकडे तेच दिसतं." ती नुसती बघत राहिली. त्या बघण्यानंच माझं टाळकं सरकलं. हातात तारेच्या हँगरांचा जुडगा होता, तो फेकला. तिच्या दिशेनं नव्हता फेकला, भिंतीकडे फेकला होता. पण अक्का खाली वाकली ती इतकी चटकन, की मलाच दचकल्यासारखं झालं. या वयात!

मग ती पर्स घेऊन घरी गेली. आज काउंटर मीच बघितला. अक्का लग्नानंतर दोन वर्षांतच माहेरी परत आली. का, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. स्वभावानं फटकळच आहे, जमलं नसेल.

१२ फेब्रुवारी

पीसचा दोष सापडला. बाकी सगळं निर्दोष, पण जोर अचानक आला की तिचा डावा हात कोपरात दुमडून झटकन तोंडापुढे येतो. मान खांद्यात जाते. सगळी रेघ मोडते. आपल्या कुठल्याही हालचालीत असा हात नाही. मी व्हिडिओ संथ करून, त्या क्षणाला थांबवून, लाल गोल काढून गटात टाकला आणि लिहिलं, 'हा भीतीचा हात. भीती गेली की हात खाली येतो.' सगळ्यांना फार आवडलं. बगळ्यानं ते वाक्य स्वतःच्या फोटोवर लिहून लावलं.

उपाय माझ्या गुरूंनी मला दिला होता तोच दिला. दोन्ही काखांत घडी केलेला रुमाल धरायचा. हात उगाच वर गेला की रुमाल पडतो. आणि हे ठरलेल्या वेळी करून उपयोग नाही, कारण तेव्हा अंग सावध असतं. म्हणून भावोजींना सांगितलं, दिवसात कधीही, न सांगता ढकला. ती कणीक मळत असेल, मशीनवर बसली असेल, कधीही.

भावोजींनी लिहिलं, 'सर, हे काम माझ्यावर सोडा.' आणि पुढे खो खो हसणारी चार तोंडं.

 दुपारी पीसचा वेगळा निरोप आला, 'सर, हात वर आला तर खरंच इतकं वाईट का?' मी लिहिलं, 'वाईट नाही, कच्चं. तू कच्ची राहायची नाहीस.' तिनं 'बरं' लिहिलं.

१९ फेब्रुवारी

गटाला दृष्ट लागली. पीसचं बघून सगळ्यांनीच न सांगता ढकलणं सुरू केलं. बगळ्याला बायकोनं दारात गाठलं, तो हातावर पडला, मनगट मोडलं. आता तिकिटं कापायची कशी म्हणून तो रडतोय आणि बायको मला शिव्या घालतेय. डोंगरबाईंना सासूनं शेगडीपाशी ढकललं, बाहीनं पेट घेतला. बाई गट सोडून गेल्या. जाताना लिहिलं, 'यात मला आता शांतता दिसत नाही.' मग जी शोधायला आलात ती सापडायला धीर नको?

आणि वकील दुसऱ्या नंबरावरून परत शिरलाय. नाव घेतलंय मुंगी. त्यानं विचारलं, 'सर, या व्हिडिओतल्या ताईच्या मानेवर काय आहे?' मी व्हिडिओ उघडून बघायच्या आत भावोजींनी प्रश्न पुसला आणि त्याला काढून टाकलं. चांगलं केलं. तरी माझा राग जाईना. माळ्याच्या दाराला लाथ घातली, खालची फळी फुटली. अंगठा सुजलाय.

स्वतःशी खरं लिहायचं तर हा राग मला आवडत नाही. तास तास माणसांना मऊ व्हा म्हणून सांगतो आणि दारं फोडतो. पण गुरूही तापट होते. थोडा जाळ लागतोच.

२६ फेब्रुवारी

आजचा थेट वर्ग गटाच्या इतिहासातला सगळ्यांत सुंदर. दीडशेवर माणसं बघत होती. पीसनं गळ्याला स्कार्फ गुंडाळला होता आणि तोंडाला जरा जास्तच पावडर. कॅमेऱ्यासाठी नटली असेल, बिचारीला कुठे मिळतं नटायला. काखांत दोन रुमाल. मी म्हटलं, "भावोजी, मनाला येईल तेव्हा."

त्यांनी वेळ घेतला. तिच्याभोवती फिरले, पाणी प्यायले, माझ्याशी काहीतरी विनोद केला आणि बोलता बोलता बाजूनं दिला जोर. पीस मागच्या ओट्यावर आपटली, वळली, सरळ उभी राहिली. दोन्ही रुमाल जागेवर! चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मी ओरडलो, "आणखी जोरात!" पुन्हा. पुन्हा रुमाल जागेवर. गटात टाळ्यांचा पाऊस.

मी म्हटलं, "बघा सगळे. ही आता रिकामी झाली." माझे डोळे भरून आले होते. आयुष्यात एक तरी माणूस घडवला.

अक्का माळ्याच्या जिन्यात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. मी वळलो तशी खाली गेली.

२ मार्च

भावोजींनी सकाळी गटात लिहिलं की सरावात पीसला थोडं लागलंय, दवाखान्यात आहे, काळजी नसावी. पुढे जोडलेले हात. सगळ्यांनी फुलांची चित्रं पाठवली. मीही लिहिलं, 'लवकर बरी हो. विश्रांती हाही सरावच.'

दुपारी एका पुरुषाचा फोन आला. "तुम्हीच का ते मास्तर?" म्हटलं, हो. "मी तिचा भाऊ. या एकदा, बघून जा तुमचा सराव." आवाजात काहीतरी होतं. दुकान अक्कावर टाकून उद्या जातो.

३ मार्च

लिहायला बसलोय, पण डावा डोळा मिटलाय आणि ओठ शिवलाय. तरी आजच लिहिलं पाहिजे.

तिला ओळखलंच नाही. खाटेवरच्या पाटीवर नाव होतं, पण मला तिचं खरं नाव कुठे माहीत होतं? जबडा दोन ठिकाणी मोडलाय. वरचे खालचे दात तारेनं एकमेकांना बांधलेत. गालाचं हाड आत गेलंय. डाव्या बाजूचा चेहरा म्हणजे नुसती सूज, रंग जांभळा. गळ्याला स्कार्फ नव्हता, त्यामुळे त्याखालचंही सगळं दिसलं. पिवळे पडलेले जुने डाग आणि त्यांवर नवे.

 मी मूर्खासारखं विचारलं, "कसं झालं?"

ती बांधलेल्या दातांतून बोलली. वाकून कान न्यावा लागला. "भाजीत मीठ नव्हतं," ती म्हणाली. "मूठ येताना दिसली होती, सर. रुमाल पडला नाही."

कुजकटपणे नाही म्हणाली. शिष्या सांगते तसं सांगितलं.

मी बाहेर व्हरांड्यात आलो. तिचा भाऊ मागोमाग आला. म्हणाला, "लहानपणापासून तिला एवढं एकच येत होतं, तोंड झाकणं. बापानं शिकवलं होतं, मारून मारून. तुम्ही तेही काढून घेतलंत." आणि ठेवून दिली. मग दुसरी, मग मोजत नव्हतो. इतक्या वर्षांची माझी विद्या, जोराला वाट करून देणं, सगळं कुठल्या कुठे गेलं. मी पोत्यासारखा चाकाच्या खुर्चीवर कोसळलो, खुर्ची सरकली, तोंड फरशीवर आपटलं. दोन परिचारिकांनी त्याला ओढलं. तो रडत होता. मला त्याचा राग आला नाही. हे लिहिताना नवल वाटतं, पण नाही आला.

घरी आलो. अक्कानं बर्फ आणला, फडक्यात बांधला आणि माझ्या डोळ्यावर धरून बसली. मी म्हटलं, "अक्का, तू त्या दिवशी हँगरखाली वाकलीस." ती म्हणाली, "धर नीट, पाणी गळतंय."

५ मार्च

भावोजींचा फोन. आवाज तोच, खेळीमेळीचा. "सर, दवाखान्यानं पोलिसांना कळवलं. विनाकारण. ती स्वतः म्हणतेय की लागलं, पण पोलिसांना तुमच्याकडून हवंय. तुम्ही एवढंच सांगा की सरावात लागलं. आपले व्हिडिओ आहेतच. तुमचाच आवाज आहे त्यात, आणखी जोरात म्हणून." मग जरा थांबून, "माझं काही झालं तर तुमचंही होईल ना, सर? दीडशे लोकांनी ऐकलंय."

मी फोन गादीवर फेकला, मग उचलला. गटात बघितलं तर सगळे त्याच्या बाजूनं. 'इतका प्रेमळ जोडीदार', 'खेळात लागतंच', 'सरांनी खंबीर राहावं'. मी लिहायला लागलो की हा सराव नव्हता, तर अक्षरं उमटेनात. त्यानं मला माझ्याच गटातून काढून टाकलं होतं. ॲडमिन मीच केला होता ना.

संध्याकाळी वकिलाचा फोन आला. गटातल्या कुणाकडून तरी ऐकून डोंगरबाईंनी त्याला कळवलं होतं. मला वाटलं हसेल. म्हणाला, "साधं आहे. तुम्ही अपघात म्हणालात तर तो त्याच दिवशी घरी जातो आणि चार दिवसांनी तीही त्याच घरी. नाही म्हणालात तर निदान खटला उभा राहतो. पण तुमची सालटी निघतील."

खरं लिहितो. अपघात म्हणावं असं मला वाटतंय. आज दिवसभर तेच वाटतंय. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवलीत, चांगली गोल गोल. मला कसं कळणार होतं, मी पडद्याच्या अलीकडे होतो. यातलं एकही खोटं नाही आणि तरी ते मनात म्हणून बघितलं की ओठाचे टाके ओढतात.

७ मार्च

चौकीत एक फौजदारबाई होत्या, वयानं लहान, चष्मा, समोर दुधाळ चहा निवत ठेवलेला. त्यांनी आमचे सगळे व्हिडिओ बघितले होते. सव्वीस तारखेचा पुन्हा लावला. माझा आवाज खोलीत भरला, आणखी जोरात! बाजूचा हवालदार मान खाली घालून कागद जुळवत राहिला.

बाई म्हणाल्या, "ही दुखापत अशा सरावात होऊ शकते का? नवरा तसं म्हणतो. बायको काही बोलत नाही. तुम्ही यातले जाणकार, म्हणून विचारते."

मी म्हणालो, "नाही. आमच्यात तळहात उघडा असतो आणि तो छातीवर नाहीतर हातावर येतो. तोंडावर कधीच नाही. मुठीचा तर प्रश्नच नाही. त्यानं मारलंय."

त्यांनी लिहून घेतलं. मला वाटलं झालं. उठायला लागलो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मला एक कळत नाहीये. डॉक्टर म्हणतात तिच्या हातांवर काही नाही. एक ओरखडा नाही. माणूस मार येताना हात वर करतोच. हिनं का नाही केले?"

गोल गोल वाक्यं तोंडापर्यंत आली होती. मी म्हणालो, "करायची. मी सवय मोडली."

"तुम्ही?"

"मी. रुमाल देऊन. त्यालाही मीच सांगितलं, न सांगता ढकल म्हणून."

"पण का?"

 तत्त्वज्ञानातलं काहीतरी सांगता आलं असतं. मग म्हणालो, "दिसायला बरं दिसत नव्हतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे नोंदवलं तर तुम्हीही अडकाल, कळतंय ना?"

"नोंदवा."

"ती हात कसा करायची, दाखवा."

मी खुर्चीतच डावा हात दुमडून तोंडापुढे नेला, मान खांद्यात ओढली. बाई उठल्या, डॉक्टरांचा कागद माझ्या चेहऱ्याशेजारी धरला आणि बोटानं एकेक जागा दाखवत गेल्या. गालाचं हाड. जबडा पुढचा. जबडा कानाखालचा. तिन्ही जागा माझ्या हाताच्या मागे झाकलेल्या होत्या.

"हा हात वर असता तर जबडा वाचला असता, असं लिहू?"

"लिहा," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी सही केली.